बाळंतपणातील वार आणि तिचे वाटेकरी

मूल झाले की आळीभर पेढे जातात, आजीबाई बाळाच्या कानात कुर्र करतात, बाप उगाचच अंगणात फेऱ्या मारतो. त्यानंतर दहापंधरा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने, आणखी एक वस्तू बाहेर पडते. आकाराने ती बऱ्यापैकी जाड भाकरीएवढी असते, वजन साधारण अर्धा किलो, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने रक्ताळलेली. नऊ महिने मुलाचे फुप्फुस तीच, आतडे तीच आणि मूत्रपिंडही तीच. तिला वार म्हणतात. कोठे जार म्हणतात. तिच्या नावाने कोणी पेढे वाटीत नाही. ती पडली की नाही एवढेच दाराआडून विचारतात, आणि पडली म्हटले की साऱ्यांचे प्राण जाग्यावर येतात.

या वारेविषयी आज बोलावयाचे आहे. विषय व्यासपीठाला शोभणारा नाही, असे पुढील रांगेतील वडीलधाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावरून दिसते. परंतु जिच्याशिवाय या मंडपातील एकही मनुष्य जन्मास आला नाही तिच्याबद्दल तासभर ऐकून घ्यायला हरकत नसावी. शिवाय निमित्तही ताजे आहे. हल्ली मोबाईलवर लेकीसुनांना असे दाखविले जाते की बाळंतिणीने आपली वार वाफवून, वाळवून, कुटून तिच्या पुड्या किंवा कुप्या करून खाव्यात. त्याने रक्त भरते, दूध उतरते, मन प्रसन्न राहते. आणि ही म्हणे पूर्वेकडील देशांची हजारो वर्षांची रीत आहे. पूर्वेकडचा देश म्हणजे आपणच. तेव्हा आपल्या लोकांनी वारेचे काय केले हे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले.

आधी जनावरांकडे पाहू. गाय, म्हैस, शेळी, कुत्री, मांजर, उंदीर, माकड या साऱ्यांच्या माद्या व्याल्यावर आपली वार खातात. गाय तर जन्मभर कडब्यावर जगणारी, पण त्या दिवशी तीही खाते. उंट आणि पाण्यात राहणारे देवमासे हे अपवाद. असे का, याचा अभ्यास अमेरिकेतील बफेलो येथे मार्क क्रिस्टल या शास्त्रज्ञाने उंदरांवर अनेक वर्षे केला. वारेत व गर्भजलात असे काही द्रव्य आहे की त्यामुळे शरीराची स्वतःची वेदनाशामक शक्ती वाढते, असे त्यांना आढळले. माणसाची स्त्री मात्र खात नाही. का खात नाही, हाही एक प्रश्नच आहे.

आपला शेतकरी गाईलाही ती खाऊ देत नाही. नायगाव, बिलोली, देगलूर या बाजूस म्हैस व्यायला झाली की घरातला एक माणूस रात्रभर गोठ्यात कंदील घेऊन बसायचा तो वासरासाठी तर खराच, पण जार पडताच ओढून घेण्यासाठीही. खाल्ली तर घशात अडकते, जनावर दूध चोरते, असे तो सांगतो. घशात अडकण्याचे भय काही खोटे नाही. मग ती जार पोत्यात किंवा गवताच्या पेंढीत बांधून वडाच्या फांदीला टांगतात. महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर अशी गाठोडी लोंबणारे वड पुष्कळांनी पाहिले असतील. वडाला चीक असतो, चीक दुधासारखा दिसतो, म्हणून वडाचे दूध म्हशीला यावे, एवढे साधे त्यातले तर्कशास्त्र. याला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी दुधाच्या दोन चरव्यांवर वर्षाचे मीठमिरची चालते त्याची काळजी त्या गाठोड्यात बांधलेली असते.

माणसाची वार टांगीत नाहीत, पुरतात. घराच्या मागे, न्हाणीजवळ, उकिरड्याच्या कडेला किंवा परसात हातभर खड्डा काढून, कुत्र्याने उकरू नये म्हणून वर दगड ठेवून. नाळही तिच्याबरोबर जाते. आपण म्हणतो ना, ‘माझी नाळ या गावात पुरली आहे’. तो काही कवींचा अलंकार नव्हे. कामाच्या शोधात हैदराबादेस, मुंबईस, पुण्यास गेलेला मराठवाड्यातला माणूस पोटाच्या मागे जातो, पण हे वाक्य बरोबर नेतो. ज्याच्या नावावर गावात वीतभर जमीन नाही त्याचीही तेवढी हातभर जागा गावात असते. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही, इतकेच.

पुरताना गुपित पाळीत. याचे कारण मोठे करुण आहे. मूल न होणाऱ्या बाईने दुसरीच्या बाळाची नाळ गिळली तर तिची कूस उजवते, असा समज आपल्याकडे होता. काही ठिकाणी अजूनही आहे. वाळून गळलेला नाळेचा तुकडा केळ्यात किंवा गुळात घालून गिळायचा. म्हणून बाळंतीण आणि तिची सासू जपत, की आपले कोणी नेऊ नये. आणि मूल नसलेली बाई ते मिळविण्यासाठी सुईणीचे पाय धरी. वांझ म्हणून जिला हळदीकुंकवालाही बोलावीत नसत, जिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी ओसरीवर चालू असत, ती बाई काय काय गिळायला तयार होईल याचा विचार करावा. आपल्या प्रांतात या बाबतीत खाण्याचा जो प्रकार दिसतो तो हा. त्यात खाणारी आई नाही. दुसरीच कोणी गरजू बाई आहे.

चीन देशातही अगदी हेच दिसते. मोबाईलवर ज्या प्राचीन परंपरेचा दाखला देतात ती तिथली. ली शिजेन या वैद्याने १५७८ मध्ये आपला औषधीकोश पुरा केला आणि तो १५९६ मध्ये छापला गेला. त्यात वारेचे औषध आहे. तिकडे तिचे नाव ‘जांभळा नदीरथ’ अशा अर्थाचे, नाव मोठे सुंदर आहे. वार धुऊन, रक्त काढून, शिजवून वाळवायची आणि भुकटी करून अशक्त, क्षयी, निपुत्रिक रोग्यांना द्यायची. ज्याला गरज त्याला, मग तो पुरुष का असेना. बाळंतिणीने आपली आपण खावी असा तो प्रकार नाही. याच ली शिजेनने माणसाच्या हाडामांसाची औषधे करण्याबद्दल आपल्या ग्रंथात नापसंतीही नोंदवून ठेवली आहे. पुढे वारेचा व्यापार इतका बोकाळला की २००५ मध्ये चीनच्या आरोग्य मंत्रालयाला जाहीर करावे लागले की वार ही जिची तिची, ती कोणी विकू नये. आणि २०१५ च्या सरकारी औषधीसंहितेतून हे औषध काढूनच टाकले.

नेवाडा येथील शेरॉन यंग आणि डॅनियल बेनिशेक या दोन संशोधकांनी जगातल्या १७९ समाजांच्या नोंदी याच एका प्रश्नासाठी चाळल्या आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापला. पुरणारे सापडले, जाळणारे सापडले, झाडाला टांगणारे, पाण्यात सोडणारे सापडले. आईने स्वतःची वार खाण्याची रूढ चाल मात्र त्यांना कोठेही आढळली नाही. ती चाल सुरू झाली अमेरिकेत, १९७० नंतरच्या दशकात, दवाखान्याला विटून घरी बाळंत होऊ पाहणाऱ्या शिकलेल्या स्त्रियांमध्ये. म्हणजे हिचे वय जेमतेम पन्नास वर्षांचे. त्या स्त्रियांची चीड आम्हांस समजते. तिकडच्या इस्पितळात त्या काळी बाईला गुंगी देऊन, हातपाय बांधून मोकळी करीत, तिला कोणी विचारीत नसे. पण चीड खरी असली म्हणून औषध खरे ठरत नाही.

आपल्या शास्त्रात काय आहे? चरक आणि सुश्रुत दोघांनी वारेला ‘अपरा’ म्हटले आहे आणि दोघांनाही एकच चिंता आहे, ती पडली कशी म्हणजे होईल. अपरा राहिली तर पोट फुगते, असे सुश्रुत सांगतो. मग केस गुंडाळलेल्या बोटाने घसा चोळावा, धुरी द्यावी, आणि तेवढ्याने न भागले तर नखे काढलेल्या, तुपातेलाने मऊ केलेल्या हाताने ती काढावी. नखे काढलेल्या! युरोपातले डॉक्टर शवविच्छेदन करून न धुतलेल्या हातांनी बाळंतिणी तपासीत होते ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. आता घशात केस घालण्याचा उपाय ऐकून येथील काही म्हाताऱ्या बायका ओळखीचे हसल्या. कारण वार अडली की बाईची वेणी तिच्याच तोंडात कोंबायची, तिला उमासा आणायचा, उमाशाने पोट आवळते आणि वार सुटते, हे त्यांनी पाहिलेले आहे. ज्या सुईणीने हे केले तिने सुश्रुत वाचलेला नव्हता. तिने वाचू नये अशीच व्यवस्था होती. आमच्या मते सुश्रुतानेच हे कोण्या सुईणीकडे पाहून लिहिले असावे. पण हा आमचा तर्क आहे, पंडितांनी त्यावर वाद घालावा.

हेच संस्कृत प्रसूतिशास्त्र घेऊन कल्याणची एक मुलगी अमेरिकेस गेली होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियास पोचल्या आणि १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता आणि तो दहा दिवसांत गेला होता. वैद्यक शिकण्याचे मूळ तेथे आहे. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या स्वतःही गेल्या. आनंदीबाईंनी इकडून तिकडे जे नेले ते अभ्यासून नेले. शंभर वर्षांनी तिकडून इकडे ‘प्राचीन’ म्हणून जे येते आहे ते तसे अभ्यासलेले नाही.

आता मुख्य माणसाकडे वळू. सुईण. आमच्या भागात ती बहुधा मातंग समाजातली असे. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या जातींचा ग्रंथ छापला, त्यात मांगांविषयीच्या पहिल्याच वाक्यात लिहिले आहे की ही मंडळी वाजंत्री वाजवितात, बैल बडवितात आणि त्यांच्या बायका सुइणीचे काम करतात. वऱ्हाड म्हणजे पैनगंगेच्या पलीकडचा काठ. अलीकडच्या नांदेडात निजामाचे राज्य होते एवढाच फरक. पूर्वेस तेलंगणात गेले की तिचे नाव मंत्रसानी होते, पण दारातले तिचे स्थान बदलत नाही.

दारातले स्थान म्हणजे काय, ते सांगतो. एरवी जी ओट्याखाली उभी राहायची, जिला पाणी वरून वाढायचे, तिला त्या रात्री घराच्या सर्वांत आतल्या खोलीत नेत. पाटलीणबाईच्या अंगाला तिने हात लावावा, मूल तिने झेलावे, नाळ तिने कापावी, वार तिने उचलावी आणि विटाळाचे कपडे तिने धुवावेत. सोयर फिटले, बाई न्हाली, की हिला पुन्हा ओट्याखाली. पोटच्या पोराला जिने पहिल्यांदा हात लावला तिला ते पोर चालू लागले की शिवायचे नाही! नाळ कापणे हे घाणेरडे काम आहे असे ठरवून ते सर्वांत खालच्या बाईकडे दिले, आणि सर्वांत खालची बाई ते करते म्हणून ते काम घाणेरडे ठरले. कामगार चळवळीत आम्ही जन्म घालविला, तेथे हा फेरा पदोपदी दिसतो. मजुरी कमी का, तर काम हलके. काम हलके का, तर करणारा हलका.

बारा बलुतेदारांच्या याद्या पाहाव्यात. सुतार आहे, लोहार आहे, न्हावी आहे, परीट आहे, गुरव आहे, महार आणि मांगही आहेत. सुईण आमच्या पाहण्यात कोठे आली नाही. बैल बडविणाऱ्याला खळ्यावर हक्क होता. माणूस जन्माला घालणारीला हक्क नव्हता, तिला खुशी होती. खुशी म्हणजे एक लुगडे, नाही तर चोळीचा खण, सुपात पायली-दोन पायली ज्वारी, नारळ. मुलगा झाला तर जास्त, मुलगी झाली तर हात आखडता. आणि मूल दगावले तर शिव्या. मागून घ्यायचे आणि मिळेल ते घ्यायचे. भांडायला तोंड नाही, कारण करार नाही.

अशा बाईच्या अंगी जे ज्ञान होते त्याची एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि आजच्या विषयातली आम्हांस सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

वार चुलीवर चढते, हे आपल्याकडेही आहे. पण ती खाण्यासाठी नव्हे. मूल झाले आणि रडले नाही, निळे पडले, तर सुईण नाळ कापीत नाही. वार बाहेर पडेपर्यंत थांबते आणि मुलाला जोडलेली असतानाच ती वार तव्यात किंवा गरम पाण्यात ठेवून शेकते, नाही तर निखाऱ्यावर धरते. नाळ बोटांनी मुलाकडे निपटीत राहते. जीव वारेत अडकला आहे, तो उष्णतेने मुलाकडे सरकेल, अशी तिची समजूत. हा प्रकार देशभर नोंदविला गेला आहे. सुइणींच्या कामाचा जो ‘जीवा’ नावाचा अभ्यास अलीकडे झाला त्यात आपल्या नंदुरबारचा आणि कर्नाटकातल्या बळ्ळारीचा समावेश होता. एरवी साध्या बाळंतपणातही वार पडल्याशिवाय नाळ न कापण्याची रीत पुष्कळ सुइणींची होती.

शिकलेल्या डॉक्टरांनी याची चेष्टा केली. त्यांच्या पद्धतीत मूल बाहेर येताच चिमटा लावून नाळ कापीत. काम झटपट उरके. पण त्यांच्याच शास्त्राने पुढे काय सांगितले पाहा. मूल जन्मले त्या क्षणी त्याचे पुष्कळसे रक्त वारेतच असते. नाळ चालू ठेवली तर पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिलिलिटर आणि तीन मिनिटांपर्यंत सुमारे १०० मिलिलिटर रक्त मुलाच्या अंगात उतरते. तीन किलोच्या मुलाच्या अंगात सारे मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त, त्यात हे शंभर! त्या रक्तातले लोह मुलाला पुढे कित्येक महिने पुरते. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी १८०१ मध्येच लिहिले होते की नाळ घाईने बांधणे मुलाला घातक आहे. पण ऐकतो कोण? अखेर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की एक मिनिटाच्या आत नाळ बांधू नये, एक ते तीन मिनिटे थांबावे. आपली सुईण वार पडेपर्यंत थांबे. चूक कोणाची होती?

तेव्हा वारेतले लोह कोणी खावे, याचे उत्तर निसर्गाने देऊन ठेवले आहे. ते मुलाचे आहे, आणि ते त्याला नाळेवाटे पोचते. वाफवावे लागत नाही, कुटावे लागत नाही, कुपीत भरावे लागत नाही. तीन मिनिटे थांबावे लागते.

निखाऱ्यावर वार शेकल्याने न रडणारे मूल खरोखर जगते का? शेकण्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि तेवढ्या वेळात मुलाला श्वास द्यायचा राहून जातो, हा धोका मोठा आहे. येथे आम्ही सुईणीच्या बाजूने वकिली करणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील साध्या शिकलेल्या बायकांना हाताशी धरले, गावच्या सुइणींना बरोबर घेतले, घरच्या घरी नवजात बाळाची काळजी कशी घ्यावी, न रडणाऱ्या मुलाला श्वास कसा द्यावा, हे शिकविले. १९९९ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले तेव्हा त्या गावांतील नवजात मुलांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले होते. जुने ज्ञान सरसकट पुजायचे नसते किंवा सरसकट जाळायचेही नसते; हाताला हात लावून नवे शिकवायचे असते. तसे करणारे थोडे.

धनुर्वाताचेही तेच. नाळ विळ्याने कापायची, ज्वारीच्या धाटाच्या चिपाटीने कापायची, वर राख दाबायची. त्यात किती मुले गेली याची मोजदाद नाही. आणि वार अडली, रक्त थांबेना, तर वेणी, धुरी आणि देव एवढेच हाताशी. आपल्या देशात बाळंतपणातल्या मृत्यूंचे पहिले कारण रक्तस्राव हेच राहिले आहे. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत, म्हणजे आपल्याच मराठी बोलणाऱ्या सीमाभागात, १६२० बायकांवर एक प्रयोग झाला. मूल होताच मिझोप्रॉस्टॉलच्या गोळ्या गावच्या नर्सने द्यायच्या. ज्यांना दिल्या त्यांच्यात अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. गोळी स्वस्त, देणारी गावातली नर्स. चमत्कार असे असतात.

आता त्या कुप्यांचे पाहू. वारेत लोह असते हे खरे. नेवाडातल्याच संशोधकांनी २३ बायकांवर चाचणी घेतली. काहींना वारेच्या कुप्या दिल्या, काहींना गोमांसाच्या, कोणाला काय दिले ते देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. २०१७ मध्ये निकाल आला की बाळंतिणीच्या लोहात काही फरक पडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ओरेगॉन राज्यातील एका तान्ह्या मुलाची हकीकत छापली. २०१६ च्या त्या प्रकरणात मुलाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला, बरा झाला, आणि पुन्हा झाला. शोध घेतला तर आई आपल्या वारेच्या कुप्या खात होती आणि त्या कुप्यांत तेच जंतू होते. बनविणाऱ्याने वार ४६ ते ७१ अंशांवर वाळविली होती. चहासुद्धा आपण यापेक्षा कडक उकळतो.

पण बाळंतिणीला लोह हवे असते, हा मुद्दा उरतोच, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्या बायकांनी त्यासाठी काय केले? डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे, बाळंतशेपा, मेथी, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, वर ओव्याची धुरी आणि बाजेखाली शेगडी. चाळीस दिवस बाईने उठायचे नाही. या खुराकाचे कौतुक आपल्या पुस्तकांत भरपूर आहे. मात्र तो कोणाच्या घरचा, हे लिहिलेले नसते. डिंक, खोबरे, तूप विकत आणायला पैसे लागतात आणि चाळीस दिवस निजून राहायला घरात दुसरे कमावणारे हात लागतात. पाटलीणबाईला तो खुराक मिळाला. तिचे बाळंतपण करणारी सुईण स्वतः बाळंत झाली तेव्हा पाचव्या दिवशी सटवाईची पूजा आणि दहाव्या-बाराव्या दिवशी खुरपे. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या नांदेड, लातूर, बीडच्या बाया कोपीत बाळंत होतात आणि पोराला उसाच्या पाचटाच्या सावलीत ठेवून मोळ्या बांधायला लागतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के पंडुरोगी निघाल्या. त्याआधीच्या पाहणीत त्या ४८ टक्के होत्या. वाढल्या! या बायकांना वार खाऊन रक्त भरा असे कोणी सुचविले नाही म्हणून आभार मानावेत, की त्यांना दोन वेळची डाळ आणि भाजी पुरेल एवढी मजुरी का मिळत नाही हे विचारावे?

घरची बाळंतपणे आता जवळजवळ संपली. महाराष्ट्रात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते, २०१५-१६ मध्ये ९०.३ आणि नंतरच्या पाहणीत ९४.७. ही मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांनी ती घडवून आणली त्यांत आशा सेविकांचा वाटा पहिला. २००५ पासून त्या रात्रीअपरात्री बाईला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेत आहेत. त्यांना पगार नाही, मोबदला आहे. म्हणजे जुनी खुशीच, फक्त कागदावर. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुन्हा २०२४ च्या आरंभी त्यांना राज्यभर संप करावा लागला. सुईण तर हिशेबातूनच गेली. तिला कोणी शिकविले नाही, कोणी पेन्शन दिले नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत ती बाईचा हात धरून येते, आणि दारात तिला थांबवतात. ओट्याखाली.

आणि वार? ती आता पिवळ्या पिशवीत जाते. १९९८ मध्ये आणि मग सुधारून २०१६ मध्ये दवाखान्यांच्या कचऱ्याचे नियम झाले, त्यांत माणसाच्या शरीराचा भाग पिवळ्या पिशवीत घालून जाळावा, आणि जेथे जाळण्याची सोय जवळपास नाही अशा खेड्यांत खोल खड्ड्यात पुरावा, असे आहे. नियम उत्तम आहे. एखादे कुटुंब अजून वार मागते, परसात पुरायची म्हणते. आदिवासी भागात तर आवर्जून मागतात. त्यांना नाही म्हणताना कारण समजावून सांगणारा माणूस दवाखान्यात क्वचित भेटतो.

ती पिवळी पिशवी उचलतो कोण, हे आम्हांस ठाऊक आहे, कारण त्याच लोकांची संघटना आम्ही बांधतो. कंत्राटावरच्या सफाई बाया, आया, वॉर्डबॉय. त्यांची आडनावे वाचली तर रसेलसाहेबाचा ग्रंथ उघडल्यासारखे वाटते. एका दवाखान्यात हातमोजे महिन्याला एक जोड मिळत. तो फाटला की बाया प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून काम करीत. वरिष्ठांकडे गेलो तर त्यांनी कंत्राटदाराकडे बोट दाखविले, कंत्राटदाराने वरिष्ठांकडे. शेवटी आम्ही त्या बायांना घेऊन प्रसूतिकक्षाच्या दारात बसलो तेव्हा चार दिवसांत खोकी आली.

त्या बैठकीत एका नर्सबाईंनी आम्हांस जे सांगितले ते येथे नोंदवितो. आम्ही तिला विचारले होते, बाई, ती तीन मिनिटे तुम्ही थांबता का? ती म्हणाली, थांबावे हे आम्हांला शिकविले आहे, भिंतीवर तक्ताही लावला आहे. पण रात्रपाळीला आम्ही दोघी, खाटा बारा, एका खाटेवर दोन दोन बाया. इकडे नाळ धरून मी तीन मिनिटे उभी राहिले तर तिकडे दुसरीचे मूल कोण झेलणार?

तिच्या त्या प्रश्नावरून आमच्या मागण्यांच्या यादीत हातमोज्यांच्या खाली एक कलम वाढविले आहे: प्रसूतिकक्षात रात्रपाळीला आणखी दोन नर्सेस. कलमाचा क्रमांक सात. त्यावर अजून उत्तर आलेले नाही.